टायरचा साइझ बदलला आणि एबीएसचा दिवा लागला : तुमचे अनुभव लिहा

पावसाळा तोंडावर आला की ठाणे-नवी मुंबईत टायरच्या दुकानांपुढे रांगा लागतात. रांगेत एक सल्ला फुकट मिळतो : "एक साइझ मोठा टाका, घोडबंदरचे खड्डे कळणार पण नाहीत." टायर टाकून होतात, आणि थोड्या दिवसांनी डॅशबोर्डवर पिवळा एबीएसचा (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागतो. मग दुकानदार म्हणतो सेन्सर गेला, सर्व्हिस सेंटर म्हणतं टायर चुकीचे, आणि मेव्हणा म्हणतो फ्यूज काढून टाक, दिवा लागला तर लागला. एप्रिल २०१९ पासून नव्या प्रवासी गाड्यांना एबीएस सक्तीचं झाल्यामुळे ही भानगड आता साध्या हॅचबॅकवाल्यांच्याही दारात आली आहे. म्हणून हा धागा.

सुरुवातीला थोडं माझ्याकडून. प्रत्येक चाकाच्या हबजवळ, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाजवळ, एक सेन्सर असतो. चाकाबरोबर फिरणाऱ्या दातेरी किंवा चुंबकी रिंगवरून तो चाकाचा वेग मोजतो. टायरवर कुठला नंबर छापलाय याच्याशी एबीएसच्या कंप्युटरला देणंघेणं नाही. चार चाकं एकमेकांच्या मानाने किती फिरतात, एवढंच त्याला दिसतं. ब्रेक दाबल्यावर एखादं चाक बाकीच्यांपेक्षा फारच मंदावलं, तर ते लॉक होतंय, म्हणजे फिरायचंच थांबतंय, असं समजून तो त्या चाकाचा दाब क्षणभर सोडतो. त्यामुळे चारही टायर सारखेच वाढवले तर त्याची सहसा हरकत नसते. पुढे एक माप आणि मागे दुसरं, किंवा चारांत एकच निराळा, अशी भेसळ झाली की गडबड सुरू.

लिहिताना दाराच्या खांबावरच्या स्टिकरवरचा साइझ, टाकलेला साइझ, दिवा नक्की कधी लागतो आणि शेवटी काय निघालं, एवढं जरूर सांगा. दुकानांची आणि सर्व्हिस सेंटरांची नावं नकोत, भांडणं होतात.

वाघबीळकर
मूळ साइझ १८५/६५ आर१५. पुढचे दोन टायर संपले होते, मागचे अजून एक पावसाळा काढतील असे होते. दुकानात त्या दिवशी १८५ नव्हते, म्हणून पुढे १९५/६५ आर१५ बसवले. "दहाचाच फरक आहे साहेब."

कापूरबावडी ते कासारवडवली रोजच्या मुंगीच्या चालीत काहीच झालं नाही. नाशिक हायवेला पडघ्याच्या पुढे गाडी एका वेगात पळायला लागली की दिवा लागायचा. गाडी बंद करून चालू केली की गायब. पुन्हा मोकळा रस्ता मिळाला की हजर. सर्व्हिस सेंटरने चार सेन्सर बदलायचं एस्टिमेट हातात ठेवलं.

घरी येऊन हिशेब मांडला. १८५ ही मिमीत रुंदी, तिचे ६५ टक्के म्हणजे १२०.२५ मिमी, ही टायरची भिंत. ती दुप्पट करून त्यात १५ इंच, म्हणजे ३८१ मिमी मिळवले की व्यास ६२१.५ मिमी. त्याच रीतीने १९५/६५ चा येतो ६३४.५. फरक दोन टक्के, वरवर पाहता किरकोळ. पण मागचे टायर झिजलेले होते. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिमी खोल असते, माझ्या मागच्यांची ३ मिमी उरली होती. म्हणजे व्यासात आणखी १० मिमी कमी. मागे ६११, पुढे ६३४, फरक पावणेचार टक्क्यांवर गेला. मागेही १९५ चे नवे दोन टाकले, दिवा गेला तो गेलाच. सेन्सर चारही जुनेच आहेत.

धागाकर्ता
हे मोलाचं आहे. झीज हिशेबात कुणी धरत नाही. गुळगुळीत जोडी आणि नवी जोडी यांत छापील साइझ एकच असूनही दोन टक्के फरक पडू शकतो. किती फरक चालेल हे प्रत्येक गाडीच्या प्रणालीवर ठरतं. मूळ व्यासापासून तीन टक्क्यांच्या आत राहा, असा एक ठोकताळा टायरवाले सांगतात.

नेरूळ पूर्व
मी चारही २०५/६५ आर१५ केले, मूळ १८५/६५. चार टक्क्यांहून जास्त वाढ, म्हणजे ठोकताळ्याच्या बाहेर. काटा १०० दाखवतो तेव्हा चाकं आधीपेक्षा चार टक्के जास्त रस्ता कापत असतात, हे पाम बीचवर कॅमेऱ्यांखालून जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. एबीएसने चकार शब्द काढला नाही.

दिवा लागला तो पार्किंगमध्ये. तोही स्टिअरिंग उजवीकडे पूर्ण वळवून बाहेर निघताना. रुंद टायर आतल्या प्लास्टिकच्या अस्तराला घासत होता, आणि त्याच अस्तराच्या कडेने सेन्सरची वायर जाते. क्लिपमधून निसटलेली वायर टायरने तासून तासून तांब्यापर्यंत आणली होती. आमच्या सोसायटीतल्या इलेक्ट्रिशियनने गाडी जॅकवर घेतली आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत मीटर लावून पाहिलं. सरळ असताना जोड शाबूत, उजवीकडे शेवटाला नेलं की तुटतो. वायर बदलली आणि टायर १९५ वर आणले. २०५ ची जोडी अजून बाल्कनीत पडून आहे, कुणाला हवी तर सांगा. (बायको म्हणते हे आधी लिही.)

कळवा-खारेगाव
माझं दुखणं वेगळं. दिवा कधी लागलाच नाही. १७५/६५ आर१४ काढून चारही १८५/६५ आर१४ टाकले, व्यास ५८३ वरून ५९६ मिमी. त्यानंतर सिग्नलला गाडी थांबता थांबता, अगदी शेवटच्या हातभर अंतरात, ब्रेकचं पेडल कर्र कर्र करून पायाखाली थरथरायचं आणि गाडी आणखी थोडी पुढे सरकायची. विटाव्याच्या पुलाखाली पुढच्या रिक्षाला टेकायचा राहिलो. जोरात ब्रेक मारला तर सगळं ठीक, हळूच दाबला की हा प्रकार. कोरड्या रस्त्यावरसुद्धा.

एकाने सांगितलं नवे टायर आहेत, मेण उतरेपर्यंत असंच होणार. दुसऱ्याने ब्रेकचे पॅड बदलले. तिसऱ्याने डिस्क लेथवर फिरवून दिल्या. खिसा हलका झाला, थरथर तशीच.

शेवटी वागळे इस्टेटमधला एक ऑटो इलेक्ट्रिशियन भेटला. त्याने काही उघडलंच नाही. गाडीच्या कंप्युटरला स्कॅनर लावला, मला गाडी चालवायला सांगितली आणि स्वतः शेजारी बसून चारही चाकांचे वेग एकाच पडद्यावर बघत राहिला. एमआयडीसीच्या मोकळ्या रस्त्यावर ४० ला चौघांचे आकडे सारखे. हळू करत आणलं तर दहाच्या खाली पुढचं डावं चाक एकदम शून्य, बाकीचे तीन अजून आठ-नऊवर. तो म्हणाला, "बघा, कंप्युटरला वाटतं हे चाक लॉक झालं. म्हणून तो ब्रेक सोडतो. त्याच्या जागी मी असतो तर मीही सोडला असता."

असं का होतं, ते त्याने चाक काढून दाखवलं. माझ्या गाडीत जुन्या पद्धतीचा सेन्सर आहे, चुंबक आणि कॉइलवाला. रिंगचे दात समोरून गेले की तो स्वतःच वीज तयार करतो, त्यामुळे चाक जितकं हळू तितका सिग्नल अशक्त. सेन्सर ज्या खोबणीत बसतो तिथे गंज चढून फुगला होता आणि त्याने सेन्सर रिंगपासून वर उचलला होता. वेगात असताना तेवढं अंतर खपून जायचं, थांबताना नाही. त्याने खोबण पॉलिश पेपरने घासली, रिंग तारेच्या ब्रशने साफ केली, सेन्सर पुन्हा चपखल बसवला. थरथर बंद. नवा सुटा भाग एकही लागला नाही. पॅड मात्र नवेकोरे आहेत, त्याचं समाधान मानतो.

मग टायर बदलल्यावरच का सुरू झालं? मोठ्या टायरमुळे चाक दोन टक्के हळू फिरतं, त्याने एवढं होणार नाही. चाक हबला गंजून चिकटलं होतं, ते काढायला दुकानातल्या पोराने हातोडा घातला होता. सेन्सर तेव्हा हलला असेल, किंवा कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली असेल.

रबाळ्याचा टायरवाला
मी दुकानदार, तेव्हा माझी बाजू पण ऐका. कळवेकर काकांचं बरोबर आहे. खाडीची हवा, त्यात चार महिने पाणी तुंबलेले रस्ते, इकडे हब गंजतातच. टायर बदलल्यावर दिवा लागलेली गाडी परत आली की मी आधी चारही टायरचे नंबर वाचतो. मग नक्षीची खोली आणि हवा. तिन्ही ठीक असतील तर जिथे हात लागला होता तिथे बघतो : वायर ताणली गेली का, क्लिप निघाली का, सेन्सरच्या टोकाला लोखंडाचा कीस चिकटलाय का. चुंबक आहे तो, ब्रेकची धूळ ओढणारच. नव्वद टक्के गिऱ्हाईक मात्र आल्या आल्या "तुमचा टायर खराब" म्हणून सुरू होतं.

आणि साइझ वाढवायचाच असेल तर रिम मोठी करा, भिंत कमी करा, म्हणजे एकूण उंची तीच राहते. १८५/६५ आर१५ आणि १९५/५५ आर१६ यांच्या व्यासात एक मिमीचाही फरक नाही, करून बघा हिशेब. कंपन्या एकाच गाडीच्या दोन मॉडेलांना वेगळ्या रिम देतात तेव्हा हेच गणित करतात. फक्त भिंत पातळ झाली की खड्डा रिमला लागतो, ते घोडबंदरवाल्यांनी बघून घ्यावं.

खारघर सेक्टर २०
आमच्या एसयूव्हीला १७ इंची अलॉय आणि स्टेपनी १६ इंची लोखंडी. एक्सप्रेसवेवर पंक्चर झालं, स्टेपनी लावली, थोड्या वेळात एबीएस आणि टायर प्रेशर दोन्ही दिवे लागले. मूळ चाक परत चढवलं, जरा अंतर गेल्यावर आपोआप विझले. बस, एवढंच.

धागाकर्ता
दोन दिवे एकदम लागण्याचं कारण म्हणजे काही गाड्यांत टायरच्या आत प्रेशर सेन्सर नसतोच. हवा कमी झाली की टायर किंचित बसतो, चाक जास्त फिरतं, आणि ते एबीएसच्याच सेन्सरवरून ओळखलं जातं. अशा गाडीत टायर बदलल्यावर हवा नीट भरून ती प्रणाली रीसेट करावी लागते. रीत गाडीच्या पुस्तकात असते.

सीवूड्सच्या मावशी
मला पिवळ्याबरोबर लाल दिवाही लागला. मेकॅनिकचं फोनवर म्हणणं, "मॅडम, ब्रेक लागतोय ना, मग या घेऊन." मी नाही नेली. गाडीच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय : एकटा पिवळा असेल तर साधा ब्रेक चालतो, फक्त एबीएस नसतं. पिवळा आणि लाल दोन्ही असतील तर पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी यंत्रणाही बंद असू शकते, आणि मग जोरात दाबल्यावर मागची चाकं आधी लॉक होतात. ब्रेक ऑइल पाहिलं, पातळी ठीक होती, हँडब्रेकही सोडलेला. टो करून नेली.

निघालं ते असं. टायर बदलताना मागच्या चाकाचा आवाज येतो म्हणून बेअरिंगही बदललं होतं. या बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकी रिंग असते आणि ती बाजू सेन्सरकडेच यावी लागते. बसवणाऱ्याने उलटं ठोकलं होतं. दिसायला दोन्ही बाजू सारख्याच काळ्या. बिलात टायर आणि बेअरिंग शेजारी शेजारी असल्यामुळे सगळे टायरच्या साइझवर घसरले, आणि साइझ तर मूळचाच होता!

उरण रोड
बाइकचं चालेल ना? मागे एक साइझ रुंद टायर टाकला, एबीएसचा दिवा विझेना. बाइकचा दिवा गाडी थोडी चालल्याशिवाय तसाही विझत नाही, म्हणून उलव्यापर्यंत वाट पाहिली. डिस्कजवळची भोकांची रिंग वाकली होती. टायर चढवताना चाक डिस्कच्या बाजूने जमिनीवर आडवं टाकून वर उभे राहिले होते. रिंग बदलली, रुंद टायर तसाच आहे. आता चाक काढलं की खाली जुना टायर ठेवायला लावतो.

वाघबीळकर
मावशी, टो करून नेलीत ते उत्तम. आमच्याकडे दोन्ही दिवे लावून शिळफाट्यापर्यंत जाणारे वीर आहेत.

कोपरी ईस्ट
वाचतेय. माझ्याही गाडीचा दिवा टायर बदलल्यापासून लागतोय. ऑनलाइन मिळणारा छोटा ब्लूटूथ स्कॅनर लावला तर "काही दोष नाही" म्हणतो. मग दिवा का?

रबाळ्याचा टायरवाला
ताई, ते स्वस्तातले बहुतेक फक्त इंजिनचे, पी ने सुरू होणारे दोषाचे कोड वाचतात. ब्रेकचे कोड सी ने सुरू होतात. बऱ्याच गाड्यांत सी००३५ म्हणजे पुढच्या डाव्या चाकाचा सेन्सर, सी००४० म्हणजे पुढचा उजवा. एबीएस वाचणारा स्कॅनर असेल अशा इलेक्ट्रिशियनकडेच जा. आणि कोड आला म्हणून लगेच सेन्सर घेऊ नका. कोड म्हणजे त्या चाकाकडून नीट खबर येत नाही एवढंच, वायर तुटली तरी तोच येतो. आणि आधी टायरचे नंबर वाचा.

कोपरी ईस्ट
आत्ताच खाली जाऊन आले. तीन टायर १६५/८० आर१४, मागचा डावा १६५/७० आर१४. दुकानदार म्हणाला होता चारही सेम आहेत.

कळवा-खारेगाव
१६५ च्या दहा टक्के म्हणजे साडेसोळा, दुप्पट तेहेतीस मिमी. सव्वापाच टक्के फरक. स्कॅनर राहू द्या, बिल घेऊन जा.