कॉन्ट्रॅक्ट, कॉम्प्रेस, कंडेन्स: सगळ्यांचा अर्थ 'लहान करणे'?

नववीचा बाप

मुलीच्या इंग्रजीच्या गाईडमध्ये एक यादी आहे. श्रिंक, कॉन्ट्रॅक्ट, कॉम्प्रेस, कंडेन्स, कन्स्ट्रिक्ट, स्क्वीझ. समोर सगळ्यांना मिळून एकच अर्थ: 'आकुंचित करणे, लहान करणे'. तिने इमानदारीत पाठ केलं आणि निबंधात लिहून आली की आईने सरबतासाठी लिंबू कॉन्ट्रॅक्ट केलं.

आधी हसलो, मग यादी छापणाऱ्याचा राग आला. सळई थंड झाली की कॉन्ट्रॅक्ट होते, तिला कोणी दाबत नाही. सायकलच्या पंपात हवा कॉम्प्रेस होते, कारण वरून दट्ट्या दाबतो. कंडेन्समध्ये दाट होणं महत्त्वाचं: वाफेचं पाणी होतं किंवा दूध घट्ट होतं. लॅटिनमध्ये या शब्दांचा पहिला तुकडा एकच, 'एकत्र'. फरक पुढच्या तुकड्यात आहे. ट्रॅक्ट म्हणजे ओढणे, प्रेस म्हणजे दाबणे, स्ट्रिक्ट म्हणजे आवळणे. एवढं सांगितलं असतं तर लिंबू वाचलं असतं.

माझं मत असं की या शब्दांना समानार्थी म्हणणंच चूक आहे. आणि आपली मुलं इथे अडखळतात, कारण मराठीत या बाबतीत इतकी बारकाई नाही. आपलं सगळं 'दाबणे' आणि 'आकुंचन' या दोन शब्दांवर भागतं.

साखरपट्टा

पहिलं मत मान्य. दुसरं वाचून चहा सांडला.

अहो, पाय चेपतात, गळा आवळतात, कागद चुरगळतात, ढेकूण चिरडतात, पोत्यात कापूस ठासतात आणि लोकलमध्ये माणसं कोंबतात. यातला एक शब्द दुसऱ्याच्या जागी घालून बघा. सासूबाईंचे पाय चिरडले म्हणालात तर पोलीस येतील. मराठी शब्दात हात कोणाचा, वस्तू कोणती आणि शेवटी तिचं काय झालं, हे सगळं येतं. इंग्रजीतला स्क्वीझ मात्र लिंबालाही चालतो, टूथपेस्टलाही, मित्राच्या खांद्यालाही आणि महिनाअखेरच्या बजेटलाही.

आमच्याकडचं उदाहरण देतो. कारखाना सुरू झाला की इंग्रजी पेपर 'क्रशिंग सीझन' लिहितात, आम्ही म्हणतो गाळप हंगाम. काम तेच, रोलर तेच. पण इंग्रजाला दिसतो चिरडलेला ऊस आणि आम्हाला दिसतो गळणारा रस. यात बारकाई कोणाची जास्त?

नववीचा बाप

लोकलवरून हरलो, मान्य. पण तुम्ही सांगितलेले बहुतेक शब्द हाताने करायच्या कामांचे आहेत. वस्तू आपोआप लहान होते तेव्हा काय? मराठीत कापड धुतल्यावर आटतं, दूध चुलीवर आटतं आणि मे महिन्यात विहीरही आटते. इंग्रजीत पहिलं श्रिंक, दुसरं कंडेन्स, तिसरं ड्राय अप. कापडातून काहीच उडून जात नाही, फक्त धागे आखडतात. दुधातलं पाणी जातं, दूध राहतं. विहिरीत काहीच उरत नाही. तीन वेगळ्या गोष्टींना आपला एकच शब्द. पिळण्याचंही तसंच. ओला टॉवेल पिळतो आणि लिंबूही पिळतो. इंग्रजीत टॉवेलला रिंग (wring), लिंबाला स्क्वीझ.

साखरपट्टा

पिळण्यात पीळ आहे, म्हणून टॉवेल हा त्याचा खरा मालक. लिंबू नंतर घुसलं असावं. आटण्याचा मुद्दा मात्र चांगला काढलात, आज झोप येणार नाही.

फिजिओ, ठाणे

मला दोघांशी भांडायचंय. 'लहान करणे' हा अर्थ कॉन्ट्रॅक्टला नेहमी लागूच पडत नाही. दंड फुगवून दाखवा. स्नायू कॉन्ट्रॅक्ट झाला, लांबीने कमी झाला, पण तेवढाच जाडही झाला. आकारमान जवळपास तेच राहतं. आता प्लँक करा, म्हणजे कोपर आणि पायाच्या बोटांवर अंग सरळ तोलून धरा. पोटाचे स्नायू कॉन्ट्रॅक्ट होऊन थरथरतात, पण लांबीही बदलत नाही. म्हणजे इथे कॉन्ट्रॅक्ट म्हणजे ताण धरणे, बस. पेशंटला 'आकुंचन करा' म्हटलं तर तो माझ्याकडे बघत बसतो. 'पोट घट्ट धरा' म्हटलं की लगेच करतो.

कन्स्ट्रिक्ट आणखी वेगळं. ते नळीचं किंवा भोकाचं काम: रक्तवाहिनी अरुंद होते, उजेडात डोळ्याची बाहुली बारीक होते. आणि बाळंतपणातल्या कॉन्ट्रॅक्शन्सना पुस्तिकांमध्ये 'आकुंचने' लिहिणाऱ्यांनी एकदा प्रसूतिगृहात उभं राहावं. तिथे कळाच येतात, आकुंचने कोणालाच येत नाहीत.

खडू आणि डस्टर

मी इंग्रजी शिकवते. सगळे यादीवर तुटून पडलात, पण वर्गात साठ मुलं आणि चाळीस मिनिटं असतात. मुलाला आधी 'हे शब्द एका घरातले' एवढं कळू दे. कोण काका, कोण मामा ते पुढच्या वर्षी. रॉजेटने 1852 मध्ये थिसॉरस, म्हणजे जवळच्या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचा कोश, काढला, त्यातही शब्द कल्पनेप्रमाणे एकत्र लावले होते. एकत्र ठेवले म्हणजे अर्थ तंतोतंत तोच, असा दावा त्यात नव्हता. यादी वाईट नसते.

आणि ते लॅटिन नेहमी कामाला येतं असंही नाही. अब्रिज शब्दात ब्रिज दिसतो म्हणून माझ्या एका विद्यार्थ्याने 'पूल बांधणे' लिहिलं होतं. तो अब्रीव्हिएटचा सख्खा भाऊ, दोघांचं मूळ 'आखूड करणे'. फोड करत बसणारा हुशार मुलगाच इथे फसतो.

नववीचा बाप

मॅडम, यादीला माझा विरोध नाही, समोरच्या एका अर्थाला आहे. घर एक असेल, पण गाईडने सगळ्यांना एकच नाव ठेवलंय. प्रत्येक शब्दापुढे एक वस्तू लिहिली असती तरी पुरलं असतं. स्क्वीझ: लिंबू. कॉम्प्रेस: हवा. श्रिंक: स्वेटर. कंडेन्स: दूध. सहा शब्दांना सहा ओळी, फार कागद लागत नाही.

खडू आणि डस्टर

हे मात्र उद्या फळ्यावर लिहिते. दुधाचं उदाहरण पक्कं ठेवा. अमेरिकेत गेल बॉर्डनने 1856 मध्ये आटवलेल्या दुधाचं पेटंट घेतलं, ते आजतागायत कंडेन्स्ड मिल्कच आहे. डबा मुलांच्या ओळखीचा असतो.

साखरपट्टा

म्हणजे आपली बासुंदी बिनपेटंटची राहिली.

नववीचा बाप

मुलीला हा सगळा धागा वाचून दाखवला. तिचा प्रश्न असा: कापड आटलं तर श्रिंक, दूध आटलं तर कंडेन्स, मग दुष्काळात विहीर कंडेन्स झाली असं लिहिलं तर गुण किती कापतील?

खडू आणि डस्टर

अर्धा. उरलेला अर्धा देईन, कारण विहिरीत चमचा उभा राहिलेला मला दिसला.