कॅनाल बोटीवरून वायनरी?

आम्ही चौघं सोलापूरचे, सप्टेंबरात फ्रान्सला कॅनाल दु मिदीवर आठवडाभर बोट भाड्याने घेतोय, वाटेत वायनरी पण बघायच्यात, तर बोटीला लायसन लागतं का?

– भाड्याच्या बोटीला नको, निघताना शिकवतात. वेग ताशी 8 किमी, सायकलवाला पुढे जातो बे! ओंप्स गावाला बोट बांधा, मिनेर्व्हुआ या वाइनच्या भागातल्या द्राक्षबागा तिथंच. दुपारी जेवणाला लॉकगेटपण (लॉक म्हणजे पाणी कमी-जास्त करून बोट वर-खाली नेणारा दरवाज्यांचा हौद) बंद असतात.

– सप्टेंबरात द्राक्षतोडणी असते, आधी फोन करून जा. अन् सुकाणूवर बसणाऱ्याला पिऊ देऊ नका, लॉकमध्ये दोर धरताना आमच्या मेव्हण्याचा तळहात सोललाय.

– सोलापूरजवळच्या नान्नजचे द्राक्षमांडव बघितलेल्यांना तिथल्या वेली बुटक्या वाटतील. शेंगाचटणी न्या, रेड वाइनबरोबर भारी लागते.