‘हॉस्टेलला टाकलं’ : टाकणे, घालणे, ठेवणे

एका शब्दावर इथल्या मंडळींचं मत हवंय. माझा मुलगा अकरा वर्षांचा, स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेला. जूनपासून मुंबईबाहेरच्या निवासी शाळेत आहे. परवा लिफ्टमध्ये शेजारच्या काकूंनी विचारलं, "अगं, त्याला हॉस्टेलला टाकलंस म्हणे?" काकू चांगल्या आहेत, त्याच्यासाठी आठवणीने लाडू देतात. तरी तो ‘टाकलंस’ चौथ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत पोटात रुतत गेला. जायच्या आधी त्याच्या प्रत्येक कपड्यावर मी मार्करने नाव घातलं होतं, मोज्यांवरसुद्धा. शब्दच वाईट, की मीच हळवी झालेय?

— ताई, क्रियापद बिचारं निर्दोष आहे. आपण भाकरी टाकतो, दळण टाकतो, अंथरूण टाकतो, बँकेत पैसे टाकतो, पोरांवर जीव टाकतो. ‘नातीला इंग्लिश मीडियमला टाकलं’ हे तर लोक छाती फुगवून सांगतात. माझी आजी ‘शाळेत घातलं’ म्हणायची, ते कानाला जास्त गोड. पण ‘नवऱ्याने टाकलेली’ आणि ‘टाकाऊ’ हेही याच धातूचे. धाकट्याला क्लासला टाकलं की ऐकणाऱ्याला भाकरीवाला अर्थ लागतो, तुमच्या मुलाला टाकलं की नेमका हा दुसरा. खोट ऐकणाऱ्याच्या मनात आहे.

— ‘ठेवलंस’ म्हटल्याने तरी काय होणार? गहाणही ठेवतातच.

— मी विशेष शिक्षिका आहे. सरकारी शब्दांची तऱ्हा याहून न्यारी. ‘निवासी’च्या उलट ‘अनिवासी’, म्हणजे शिवडीहून रोज येऊन-जाऊन शिकणारं पोर कागदावर थेट अमेरिकेत स्थायिक! आम्ही आपले ‘डेची मुलं’ नि ‘हॉस्टेलची मुलं’ म्हणतो. १९९५च्या अपंग कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, त्यांत स्वमग्नता नव्हतीच. ती २०१६च्या कायद्याच्या २१ प्रकारांत आली. त्याआधी कितीतरी स्वमग्न मुलं ‘मतिमंद’ असा दाखला घेऊनच आमच्याकडे यायची. आणि अठरा पूर्ण झाली की शाळा सुटते, मग ‘कार्यशाळा’. तिथे मोठी मुलं मेणबत्त्या, कागदी पिशव्या, पणत्या करतात. नवे पालक हमखास विचारतात, "कार्यशाळा किती दिवसांची आहे?" काय सांगणार? जमलं तर जन्मभराची.

— ‘अनिवासी’वर खूप दिवसांनी मनसोक्त हसले, बाई. माझ्या मुलाकडे शब्द मोजके, तेही लोकलच्या घोषणेतले. गणपतीची सुट्टी संपली तेव्हा ट्रंकेवर बसून म्हणत होता, "पुढील स्टेशन, पुढील स्टेशन." स्टेशनचं नाव काही घेतलं नाही. काकूंना मी काही बोलले नाहीये. त्यांचा लाडवांचा डबा अजून आमच्याकडेच आहे. दिवाळीला तो आला की त्याच्याच हातून पाठवेन.