ड्रेमेलचा बिट टेकवला की थांबतो. झोपाळ्याची पिन काढायची आहे, मदत हवी आहे

सूरसागरकाठी (वडोदरा): रविवारी आईचं सहस्रचंद्रदर्शन आहे आणि झोपाळा खाली उतरवून ठेवलाय. एका साखळीतली पितळी कडी चिरली, नवी करून आणली आहे. जुनी कडी लोखंडी पिनेवर आहे आणि पिनेची दोन्ही टोकं ठोकून चपटी केलेली. ते डोकं घासून काढायला रोटरी टूल घेतलं (हातात धरायचं छोटं यंत्र, पुढे लावलेलं घासायचं टोक, म्हणजे बिट, गरगर फिरवतं). हवेत मस्त फिरतं, लोखंडाला टेकवलं की बिट थांबतो. वेग वाढवून पाहिला, तेच. काय करू? कानस वापरा असं कृपया सांगू नका, तीन तास घासून झालंय.

रंधा: कुठलं टूल? बिट कुठला?

सूरसागरकाठी: ड्रेमेल ३०००. बिट हिऱ्याचा आहे, चांगला आहे.

वर्कशॉपवाला: १३० वॉटला हे झेपणार नाही. चार इंची ग्राइंडर भाड्याने आणा, दहा सेकंदांचं काम आहे. मी गेटच्या बिजागऱ्या तशाच कापल्या.

रंधा: बिजागरी वेगळी. इथे डोकं पितळेला चिकटून आहे, चार इंची चाक जरा घसरलं तर शेजारची कडीही जाईल. सूरसागरकाठी, टेकवल्यावर मोटर थांबते की फक्त बिट?

सूरसागरकाठी: फक्त बिट. मोटर चालूच, आवाजही तोच. तेच तर लिहिलंय वर.

रंधा: मग कोलेट (नटाखालची, बिटची दांडी पकडणारी नळी) बिटला धरतच नाहीये. बिटची दांडी किती जाड? टूलच्या पेटीतलाच बिट आहे ना?

सूरसागरकाठी: नाही, भाचा दातांचा डॉक्टर आहे, त्याने डबीभर दिलेत. नट पान्याने भरपूर आवळलाय.

मंदाकिनी_इंदूर: धागा वाचून आनंद झाला, मी याच टूलने नारळाच्या करवंटीवर नक्षी करते. सियागंजात घेतलं. ड्रेमेल हे माणसाचं आडनाव, बरं का. अल्बर्ट ड्रेमेल यांनी १९३२ साली अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या रेसीन गावी कंपनी काढली, १९९३ मध्ये ती बॉशने घेतली. करवंटीला वेग कमी ठेवायचा, नाहीतर ती करपते, कड काळी पडते आणि वास दोन दिवस घरातून जात नाही. मास्क हवाच. झोपाळा संखेड्याचा, लाखकामाचा आहे का? फोटो टाका ना.

वर्कशॉपवाला: ताई, पिनेचं चाललंय.

दाढदुखी_ग्वाल्हेर: मी दंतवैद्य आहे. आमच्या सरळ हँडपीसच्या (हातात धरायच्या यंत्राच्या) ‘बर’ची, म्हणजे दात कोरायच्या बिटची, दांडी २.३५ मिमी असते आणि एअर टर्बाइनच्या बरची १.६ मिमी. डबीत दोन्ही मिसळलेले असणार. ड्रेमेलवर सहसा ३.२ मिमीचा कोलेट लावलेला असतो, त्यात यातलं काहीच नीट बसणार नाही. बारीक दांडीचे तर लावूच नका, एवढ्या वेगात वाकून उडाला तर डोळा जाईल. आणि वापरलेले असतील तर ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक) केलेत का, हे भाच्याला आधी विचारा.

सूरसागरकाठी: डबीत खरंच दोन जाडीचे आहेत! मी जाड होता तो लावला होता.

वर्कशॉपवाला: मग २.४ चा कोलेट घ्या, संपलं. किंवा छोटा चक घ्या, सगळ्या दांड्या धरतो.

रंधा: कोलेट मिळेल, २.३५ ची दांडी त्यात बसेलही. पण हिऱ्याचा बर लोखंडासाठी नाहीच. तो काच, दगड, दात यांच्यासाठी, तोही पाण्याखाली. मऊ लोखंड हिऱ्याच्या कणांमध्ये भरून बसतं आणि बर नुसता तापतो. आहे तोच ३.२ चा कोलेट ठेवा. पेटीत फायबरची जाळी असलेली कटिंग डिस्क असेल, नसेल तर मँड्रेलसकट (डिस्क बसवायच्या दांडीसकट) घ्या. डोक्यावर फुलीसारखे दोन काप घ्या, पितळेपाशी थांबा. मग छिन्नीने चार तुकडे उडवा आणि उरलेली पिन पंचने ठोकून काढा. आदल्या रात्री थोडं रॉकेल सोडून ठेवा, पण कापण्याआधी ते पूर्ण पुसा. डिस्कवर बाजूने जोर देऊ नका, ती फुटते. चष्मा लावूनच. पितळेवर जाड टेप, आणि पाट लाखेचा असेल तर साखळी पाटापासून लांब नेऊन कापा, ठिणग्यांनी लाख भाजते.

वर्कशॉपवाला: नवी पिनही ठोकून बसवा, जुने लोक वेडे नव्हते.

रंधा: बसवता येत असेल तर उत्तमच. नाहीतर तेवढ्याच जाडीचा स्टीलचा बोल्ट आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, हलण्याने सैल न होणारा). त्यावर माणसं बसणार आहेत, तेव्हा लटकवल्यावर आधी गव्हाची पोती ठेवून बघा.

सूरसागरकाठी: शनिवार दुपार. पिन निघाली. डिस्क होती पेटीत, मी तिच्याकडे बघितलंही नव्हतं. दोन डिस्क फुटल्या, तिसरीने झालं. पिन हातात घेतली तर मधोमध झिजून निम्मी झालेली, कडी घासत होती त्या जागी पेन्सिलच्या टोकाएवढीच उरली होती. बाहेरून काहीच कळत नव्हतं. आता बाकीच्या तीन साखळ्यांच्या पिनाही काढतोय. बोल्ट १० मिमीचे आणलेत. रंधा, नायलॉक नट एकदा काढला तर परत वापरायचा की नवा घ्यायचा?

रंधा: नवा घ्या.

मंदाकिनी_इंदूर: आईंना नमस्कार सांगा. फोटो राहिलाय.