एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १६२ आलंय, नुसतं चालून खाली येईल का?

निवांत: वय ४४, शुगर बीपी नॉर्मल, सिगरेट नाही. अंड्याचा बलक बंद केलाय आणि रोज चालायला लागलोय, एवढं पुरेल का? गोळी लगेच नकोय.

चष्मेबद्दूर: चालणं चांगलंच, पण त्याने ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) उतरतात, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) थोडं वाढतं, एलडीएलवर फरक कमीच पडतो. ते हलतं खाण्याने. बलकापेक्षा सॅच्युरेटेड फॅट बघ, म्हणजे लोणी, चीज, फॅटवालं मटण, पाम तेलातली बिस्किटं, कारण कोलेस्टेरॉल बहुतेक आपलं लिव्हरच बनवतं आणि ही फॅट जास्त गेली की लिव्हर रक्तातलं एलडीएल कमी उचलतं. ओट्स, कडधान्यं, सफरचंद यातला विरघळणारा फायबर रोज ५ ते १० ग्रॅम गेला तर साधारण ५ टक्के उतरतं. जादू नाही, पण सगळं मिळून जमतं.

रिकामटेकडी: आठवड्याला १५० मिनिटं दम लागेल असं चाला हो, फोनवर बोलत रमतगमत नको 😄 आणि थायरॉइड तपासलंय का? ते कमी असलं तरी एलडीएल वाढतं.

निवांत: थायरॉइड नाही केलं. वडिलांना पन्नाशीच्या आत अटॅक आला होता, ते सांगायचं राहिलं.

चष्मेबद्दूर: अरे हे आधी सांगायचं ना! मग डॉक्टरांना स्पष्ट सांग, अशा केसमधे गोळीचा निर्णय वेगळा होऊ शकतो. तीनेक महिन्यांनी लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी) परत कर.