सर्व्हरवर उद्गारचिन्हानं जुन्या कमांड चालवणं बंदच करावं का?

राजेंद्रनगरकर:
इंदूरातच एका क्लायंटचा सर्व्हर सांभाळतो. परवा रात्री घाईत !आर मारलं, डोक्यात होतं की मघाची आरसिंक (फायली कॉपी करणारी कमांड) परत चालेल, पण त्यानंतर लॉगच्या फोल्डरमधे 'आरएम मायनस आरएफ स्टार', म्हणजे असू त्या फोल्डरमधल्या फायली न विचारता पुसणारी कमांड, चालवली होती हे विसरलो, आणि बॅश (आपण टाइप केलेल्या कमांड चालवणारा शेल) त्या अक्षरानं सुरू होणारी सगळ्यात अलीकडची कमांड काढतं आणि न विचारता चालवतं. तोवर मी अपलोडच्या फोल्डरमधे आलो होतो. बॅकअप आदल्या रात्रीचा, दिवसभराच्या फायली गेल्या त्या गेल्याच. माझं स्पष्ट मत, लाइव्ह सर्व्हरवर ! नकोच, कंट्रोल-आर दाबून जुन्या कमांडमधे शोधा, कमांड डोळ्यांनी बघा, मग एंटर.

टर्मिनलताई:
वाईट झालं रे, पण यात ! ला का सुळावर देतोस? सुडो (अॅडमिनच्या हक्कानं चालवायचा शब्द) विसरलं की 'सुडो !!', म्हणजे मागचीच कमांड सुडो लावून, इतकं सोपं दुसरं काही नाही, आणि मागच्या कमांडच्या शेवटचा लांबलचक पाथ (फायलीचा पत्ता) परत हवा तर !$ आहेच. बॅशआरसी या सेटिंगच्या फायलीत 'शॉप्ट मायनस एस हिस्टव्हेरिफाय' टाक, मग एंटर दाबल्यावर कमांड आधी ओळीत येते, चालत नाही.

राजेंद्रनगरकर:
ताई, ते आपल्या मशीनवर ठीक आहे. दुसऱ्याच्या सर्व्हरवर रात्री २ वाजता लॉगिन करतो तेव्हा तिथं आपली सेटिंग कुठून असणार?

रामबागचे काका:
हे ! आलं सी शेलमधून, बिल जॉयनं १९७०च्या दशकाच्या शेवटी लिहिला तो. बाण दाबून जुनी ओळ वर आणायची सोय त्यात नव्हती म्हणून ही युक्ती, आणि आमच्या पिढीचा हात तिच्यावरच बसला. पण भिया, कंट्रोल-आरवर पण इतका विश्वास नको, दोन अक्षरं टाकून पहिलं जे दिसेल त्यावर एंटर मारणारी पोरं मी रोज बघतो. सापडली की उजवा बाण दाबायचा, कमांड ओळीत थांबते, मग नीट वाचायची.

लोकमान्यनगर_२:
मला तर हिस्टरीवर, म्हणजे जुन्या कमांडच्या यादीवर, विसंबणंच पटत नाही. हिस्टअपेंड (नव्या कमांड जुन्या यादीला जोडायची सेटिंग) चालू नसेल तर दोन टर्मिनलपैकी जे शेवटी बंद होतं तेच फायलीत उरतं, बॅशची मूळ मर्यादा पण ५०० ओळींचीच, आणि डेटाबेसचा पासवर्ड कमांडमधेच टाइप केलात तर तोही तिथं साध्या अक्षरांत पडून राहतो. रोजची आरसिंक आहे ना, मग तिची स्क्रिप्ट करा, पाथ पूर्ण लिहा.

टर्मिनलताई:
स्क्रिप्ट रोजच्या कामाला, बरोबर, पण अडचण रोज नवीन येते तिथं हिस्टरीच लागते. आणि राजेंद्रनगर, दुसऱ्याच्या सर्व्हरचं म्हणशील तर शेवटी कोलन-पी लाव, !आर:पी, कमांड फक्त छापून येते, याला कुठलीच सेटिंग लागत नाही. पटली तर वरचा बाण आणि एंटर.

राजेंद्रनगरकर:
कोलन-पी माहीत नव्हतं, खरंच. पण झोपेत ते दोन अक्षर राहिले की परत तेच ना? माझ्याकडच्या दोन नव्या मुलांना मी कंट्रोल-आर आणि उजवा बाण एवढंच शिकवणार.