मानेच्या जुन्या दुखण्यात हालचालीची धास्ती मोजायची कशी?

प्रश्न (फिजिओथेरपीची विद्यार्थिनी, बेळगाव)

नमस्कार. पदव्युत्तर प्रबंधासाठी मी निपाणी आणि चिकोडी भागातील विडी वळणाऱ्या स्त्रियांच्या मानदुखीचा अभ्यास करीत आहे. सर्वांचे दुखणे तीन महिन्यांहून जुने आहे. मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास मान खाली घालून बसावे लागते, त्यामुळे मान दुखणारच. परंतु काहीजणींची मान दुखण्यापेक्षा ‘दुखेल’ या धास्तीनेच अधिक आखडलेली दिसते. ही धास्ती मोजण्यासाठी मी टॅम्पा स्केल या हालचालीची भीती मोजणाऱ्या प्रश्नावलीची 17 विधाने मराठीतून वाचून दाखवते. व्यायामाने इजा होण्याच्या भीतीबद्दलचे विधान ऐकून एक मावशी म्हणाल्या, “बाई, आम्ही कुठला व्यायाम करतोय?” आणि मला ‘अजिबात पटत नाही’ असे नोंदवावे लागले. याच मावशींना मागून हाक मारली, तर मान न वळवता त्या कमरेपासून सगळ्याच वळतात. दुसऱ्या एका आक्कांनी प्रत्येक विधानाला “व्हय” म्हटले. अशा उत्तरांतून आलेल्या बेरजेवर कितपत विसंबावे?

उत्तर 1 (फिजिओथेरपीचे अध्यापक)

आपण ज्या दोन उत्तरांपाशी थांबलात, तीच या मापनाची खरी अडचण आहे. आधी आक्कांचे पाहू. प्रत्येक विधानाला 1 (अजिबात पटत नाही) ते 4 (पूर्ण पटते) गुण असतात आणि एकूण बेरीज 17 ते 68 च्या दरम्यान येते. क्रमांक 4, 8, 12 आणि 16 ही विधाने उलट अर्थाची असल्यामुळे त्यांचे गुण उलटे धरावे लागतात, म्हणजे 4 चा 1 आणि 3 चे 2. एखाद्या बाईने सर्वच विधानांना ‘पटते’, म्हणजे 3, असे म्हटले, तर 13 विधानांचे 39 आणि उलट विधानांचे 8 मिळून 47 होतात. 37 च्या वर गुण गेले की भीती जास्त, असे सामान्यतः मानतात. म्हणजे केवळ मान डोलावणारी बाईही आपल्या तक्त्यात घाबरट ठरते. शिवाय ही 37 ची रेषा कंबरदुखीच्या रुग्णांवरून आलेली आहे, ती मानदुखीला जशीच्या तशी लावणे मला पटत नाही. 11 विधानांची छोटी आवृत्ती वेळ वाचवते, पण तिच्यात उलट विधाने नसल्यामुळे नुसते “व्हय” म्हणणारी व्यक्ती ओळखणे आणखी कठीण होते.

मावशींचा प्रश्न भाषांतराचा आहे. केवळ शब्द मराठी झाल्याने विधान त्यांचे होत नाही. दोघांनी स्वतंत्रपणे मराठीत आणावे, मूळ न पाहिलेल्या दोघांनी ते उलट इंग्रजीत न्यावे, समितीने मसुदा ठरवावा आणि मग 30-40 रुग्णांना एकेक विधान वाचून ‘यातून तुम्हाला काय समजले?’ असे विचारावे, ही रीत कंटाळवाणी असली तरी टाळू नये.

उत्तर 2 (निपाणी परिसरातील फिजिओथेरपिस्ट)

मी बेरजेइतकाच भर प्रत्यक्ष हालचालीवर देतो. मानेच्या हालचालींची छायाचित्रे दाखवून प्रत्येकीची भीती नोंदवण्याची साधने मानदुखीसाठी झालेली आहेत, आणि अक्षरओळख कमी असलेल्या रुग्णांना चित्र लवकर कळते. याखेरीज एक साधी गोष्ट करावी: माळ्यावरचा डबा काढताना वर पाहावे लागते तशी मान उचलण्यास सांगण्यापूर्वी ‘किती दुखेल?’ हे 0 ते 10 मध्ये विचारावे आणि उचलल्यानंतर ‘किती दुखले?’ हे विचारावे. अंदाज आणि अनुभव यांतील अंतर जिथे मोठे, तिथे धास्ती आहे असे मी समजतो.

मात्र मान वळत नाही याचा दोष लगेच भीतीवर टाकू नये. विडीला दोरा बांधताना बोटे अडखळू लागली, हातांना बधिरपणा आला किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर मज्जारज्जूवर दाब असू शकतो. अशा बाईला प्रश्नावली बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे पाठवावे.

उत्तर 3 (आरोग्य कार्यकर्ती, चिकोडी तालुका)

ताई, ‘भीती’ हा शब्द आमच्याकडे भुताखेतांशी आणि अंधाराशी जोडलेला आहे, त्यामुळे बायका ती कबूल करीत नाहीत. ‘धास्ती वाटते का’ किंवा ‘वळायला नको वाटतं का’ असे विचारले की त्या मोकळेपणाने बोलतात. सासू किंवा सून शेजारी बसलेली असताना विचारू नये. आणखी एक विचारावे, की ही धास्ती कोणी घातली. माझ्या ओळखीच्या एका बाईला एक्स-रेचा फोटो पाहून कोणीतरी “मणके झिजलेत, जपून राहा” असे सांगितले होते. त्या दिवसापासून तिने डोक्यावर घागर घेतलेली नाही.

प्रश्नकर्ती

आपणा सर्वांची आभारी आहे. काल मावशींना एकट्याने भेटले. वर पाहताना 8 दुखेल असे त्या म्हणाल्या आणि प्रत्यक्षात 5 दुखले. डावीकडे वळताना मात्र अंदाज आणि दुखणे दोन्ही 6 निघाले. दोरा त्या न अडखळता बांधतात, हेही सुपाशेजारी बसून पाहिले. व्यायामाच्या विधानाविषयी मी मार्गदर्शकांशी बोलणार आहे, आणि तोपर्यंत आक्कांची बेरीज तक्त्यात न धरता त्यांना प्रत्येक विधान त्यांच्याच शब्दांत पुन्हा सांगायला लावणार आहे.